एकाच भट्टीतल्या विटा वेगवेगळ्या का निघतात? मातीपासून भाजणीपर्यंत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ आपल्या घराचे बांधकाम चालू असून एकाच वीटभट्टीवरून दोन गाड्या विटा आल्या. पहिल्या गाडीतील विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज येतो. दुसऱ्या गाडीतील बऱ्याच विटा फिकट, पिवळसर आहेत, त्यांचे कोपरे नखाने खरवडले तरी झडतात आणि काहींवर पांढरा थर आला आहे. भट्टीवाले सांगतात की माती तीच, माणसे तीच आणि भट्टीही तीच. मग फरक कशाने पडला, वीट मुळात बनते कशी आणि विकत घेताना नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. कृष्णा-कोयनेच्या काठच्या या पट्ट्यात विटा पाडून घेणे आणि त्या तपासणे हेच माझे काम राहिले आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

भट्टीवाले खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. आपल्याकडच्या उघड्या भट्टीत एकाच वेळी रचलेल्या विटांना सारखी आच कधीच लागत नाही, त्यामुळे माती आणि माणसे तीच असूनही विटांत फरक पडतो. पण आपण सांगितलेल्या तीन दोषांपैकी फिकेपणा आणि झडणारे कोपरे एवढ्याचाच संबंध आगीशी आहे. पांढरा थर मातीतून, पाण्यातून किंवा जळणातून आलेला असतो आणि तो कितीही चांगल्या भाजणीने हमखास जाईलच असे नाही. वीट चांगली निघाली की लोक भाजणीचे कौतुक करतात आणि वाईट निघाली की भाजणीला दोष देतात. माझ्या मते मात्र विटेचा बराचसा दर्जा भट्टी पेटण्याच्या आधीच, मातीची निवड, चिखलाची मळणी आणि वाळवण या तीन टप्प्यांत ठरून गेलेला असतो.

मातीपासून सुरुवात करू. विटेच्या मातीत तीन आकारांचे कण हवे असतात. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण ओलेपणी चिखलाला आकार धरायला लावतात आणि भाजताना वितळून इतर कणांना एकत्र बांधतात. रेतीचे कण सांगाड्याचे काम करतात, वाळताना होणारे आकुंचन आवरतात. या दोहोंमधला गाळाचा कण पोकळ्या भरून काढतो. हाताने पाडायच्या विटांसाठी भारतीय मानक २११७ मध्ये चिकणमाती २० ते ३० टक्के, गाळ २० ते ३५ टक्के आणि रेती ३५ ते ५० टक्के असे प्रमाण सुचवलेले आहे. नदीकाठच्या मळईच्या मातीत हे प्रमाण बऱ्याचदा निसर्गतःच जमून आलेले असते, म्हणूनच कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर या भागात नदीलगत वीटधंदा वाढला. कोकणातील लाल मातीत लोह जास्त असल्याने वीट रंगाने देखणी निघते. याउलट निव्वळ काळी माती घेतली तर फजिती ठरलेली. तिच्यातील चिकणखनिज पाणी पिऊन प्रचंड फुगते आणि वाळताना तितकेच आकसते, त्यामुळे वीट उन्हातच तडकते. काळ्या मातीत बारीक रेती, दगडाची भुकटी, भाजलेल्या विटांचा चुरा किंवा राख मिसळून तिचा चिकटपणा कमी करावा लागतो. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख आमच्या भागात मुबलक मिळते आणि तिच्यात न जळलेला कोळसाही थोडा शिल्लक असतो. त्यामुळे ती माती हलकी करते आणि भाजताना आतून थोडी उष्णताही देते.

मातीतील दोन गोष्टींचा मात्र मी नेहमी कसून तपास करतो. पहिली म्हणजे चुनखडी. काळ्या आणि गाळाच्या मातीत वाटाण्याएवढे पांढरट खडे असतात. भट्टीत ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचा कळीचा चुना होतो. वीट भट्टीतून निघते तेव्हा धडधाकट दिसते. पुढे हवेतील दमटपणा किंवा पावसाचे पाणी त्या चुन्याला मिळाले की तो फुगतो आणि विटेच्या पृष्ठभागाचा टवका उडवतो. गिलावा झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीवर नाण्याएवढे फोड दिसतात आणि प्रत्येक फोडाच्या मध्यभागी पांढरा ठिपका असतो, ते या खड्यांचेच काम. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकून पाहावे; जोरात बुडबुडे आले तर ती माती चाळल्याशिवाय घेऊ नये. चुना बारीक पिठासारखा पसरलेला असेल तर फारसे बिघडत नाही, उलट भाजणीला तो थोडी मदतच करतो. घात होतो तो खड्याने. अशा विटा भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात बुडवून ठेवल्या तर चुना आत फुगून बाहेर येण्याऐवजी बराचसा निवतो, पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे, खरा इलाज नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांची सल्फेटे मातीत असली की ती पाण्याबरोबर विटेच्या पृष्ठभागाकडे चढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तो हाच प्रकार. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाटाच्या पाण्याच्या अतिवापराने बरीच जमीन क्षारपड झाली आहे, आणि अशा शेतातला वरचा थर विटांसाठी विकला जातो, तेव्हा त्यातले मीठ थेट घरमालकाच्या भिंतीत जाते. माती कोठून उचलली हे भट्टीवाल्याला विचारायला संकोच वाटू देऊ नका. चिखल कालवायला खारट बोअरचे पाणी वापरले असेल तरी तोच परिणाम होतो. शिवाय गंधक जास्त असलेला कोळसा जाळला तर त्याच्या धुरातील गंधकाच्या वायूचा मातीतील चुन्याशी संयोग होऊन नवे सल्फेट तयार होते. म्हणून पांढरा थर दिसला की एकट्या मातीवर ठपका ठेवून चालत नाही.

आता चिखलाकडे वळू. पावसाळा संपला, दिवाळी आली की माती उपसण्याचे काम सुरू होते आणि हंगाम पुढच्या मे-जूनपर्यंत चालतो. उपसलेल्या मातीतील खडे, मुळ्या, काचा निवडून काढतात, तिच्यात राख किंवा कोळशाची चुरी आणि हवी असल्यास रेती मिसळतात आणि पाणी घालून ती मुरत ठेवतात. मातीच्या ढेकळाच्या अगदी आतपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. वरवर ओला दिसणारा चिखल आत कोरडा राहिला तर पुढे त्या जागी वीट सैल होते. निदान एक रात्र, जमल्यास दोन-तीन दिवस चिखल मुरू द्यावा. घाई करणारा भट्टीवाला हा टप्पा सर्वांत आधी गाळतो आणि त्याचा पुरावा विटेत राहतो: वीट फोडून पाहिली तर आत वेगळ्या रंगाच्या मातीच्या गुठळ्या सापडतात. पूर्वी चिखल पायांनी तुडवला जाई, आता बहुतेक ठिकाणी पगमिल, म्हणजे चिखल मळण्याचे यंत्र, वापरतात. पगमिलने मळणी सारखी होते हा मोठा फायदा आहे, पण न मुरलेली माती यंत्रात टाकली म्हणून मुरलेली होत नाही.

वीट पाडणे म्हणजे तयार चिखलाचा गोळा साच्यात जोराने टाकून, कोपऱ्यांत बोटांनी दाबून, वरचा जास्तीचा चिखल काढून टाकणे आणि साचा उलटा करून वीट जमिनीवर सोडणे. साच्याला आतून बारीक रेती किंवा राख लावतात, म्हणजे वीट चिकटत नाही. गोळा साच्यात टाकण्यातले बळ महत्त्वाचे. कोपऱ्यात चिखल पोचला नाही तर विटेचा कोपरा जन्मतःच पोकळ राहतो. कसलेले जोडपे दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडते. ठाणे-रायगडकडे ही कष्टाची कामे मोठ्या प्रमाणावर कातकरी कुटुंबे करतात, आमच्याकडे मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून कुटुंबे येतात. बहुतेकांनी पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी हजारांच्या हिशेबाने वीट पाडली जाते. हजारी दरामुळे घाई होते आणि घाईचा परिणाम कोपऱ्यांवर उमटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या भट्टीवर मजुरीचा दर बरा असतो आणि उचलीचा हिशेब स्वच्छ असतो तेथे पाडलेली वीट सरस निघते. माणसांना रास्त मजुरी मिळणे ही न्यायाची बाब आहेच, पण चांगल्या विटेसाठीही ती लागते, असे माझे ठाम मत आहे.

साचा विटेपेक्षा मोठा असतो, कारण वाळताना आणि भाजताना मिळून लांबी-रुंदी मातीनुसार साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक १०७७ प्रमाणे भाजलेल्या विटेचा मॉड्युलर आकार १९० × ९० × ९० मिलिमीटर आणि जुना, म्हणजे नॉन-मॉड्युलर आकार २३० × ११० × ७० मिलिमीटर आहे. पुणे-मुंबईच्या बाजारात मात्र इंचांत बोलले जाते, म्हणजे चार इंची आणि सहा इंची वीट. त्यामुळे मागणी नोंदवताना नुसते चार इंची म्हणू नका. तिन्ही मापे लिहून द्या. भट्टीवाल्याने साचा थोडा लहान केला तर हजार विटांमागे त्याची माती वाचते आणि आपल्या भिंतीत गारा आणि सिमेंट जास्त जाते.

वाळवण हा माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नुकत्याच पाडलेल्या विटेत पाऊण ते एक किलो पाणी असते. सुरुवातीला हे पाणी पृष्ठभागावरून एका ठरावीक वेगाने उडते आणि जितके पाणी जाते तितके मातीचे कण एकमेकांजवळ सरकून वीट आकसते. कण एकमेकांना टेकले की आकसणे जवळजवळ थांबते. तिथून पुढे पाणी गेले तरी वीट लहान होत नाही, तिचा रंग मात्र फिका पडतो. तडा जातो तो या पहिल्या टप्प्यात. कडक ऊन किंवा जोराचा वारा एका बाजूने लागला की ती बाजू लवकर आकसते, दुसरी बाजू ओली राहते आणि ओढाताणीत वीट फाटते. म्हणून पहिले एक-दोन दिवस वीट सपाट पडून राहावी; कडक वाटू लागली की ती बाजूवर उभी करावी; मग दोन विटांमध्ये बोटभर अंतर ठेवून जाळीदार थप्पी लावावी, म्हणजे हवा चारही बाजूंनी खेळते. सगळे मिळून आठवडा ते दोन आठवडे लागतात. दुपारी थप्पीवर पाचट किंवा गोणपाट टाकणारा माणूस शहाणा समजावा. या काळात अवकाळी पाऊस आला तर कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो, आणि अलीकडे मार्च-एप्रिलमधील अवकाळीने भट्टीवाल्यांची कंबर मोडली आहे. भिजलेल्या विटा पुन्हा वाळवून भट्टीत घालण्याचा मोह होतो; अशा विटांच्या पृष्ठभागावर पावसाच्या थेंबांचे खळगे आणि वाहून गेलेल्या कडा स्पष्ट दिसतात. आपल्या दुसऱ्या गाडीत असे खळगे आहेत का, ते जरूर पाहा.

कच्च्या विटा भट्टीच्या जागी नेण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात अजूनही अनेक ठिकाणी गाढवे वापरतात. पौष पौर्णिमेला जेजुरीला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात भट्टीवाले आणि कुंभार, वडार, कैकाडी कुटुंबे जनावरे पारखून घेतात, ती याच कामासाठी.

उत्तर भारतात चिमणीच्या मोठ्या खंदकभट्ट्या दिसतात. त्यांचा मूळ आराखडा डब्ल्यू. बुल या ब्रिटिश अभियंत्याने १८७६ साली पेटंट केला होता, आणि त्यांच्या आधी १८५८ साली फ्रीडरिख हॉफमान याने वर्तुळाकार, अखंड चालणारी भट्टी पुढे आणली होती. त्या भट्ट्यांत आग विटांमधून पुढेपुढे सरकत राहते, मागच्या तापलेल्या विटांतील उष्णता हवा ओढून घेते आणि पुढच्या कच्च्या विटांना ती आधीच तापवते, म्हणून जळण कमी लागते. महाराष्ट्रात मात्र बहुतेक विटा उघड्या रचलेल्या भट्टीत भाजतात. उंचवट्याच्या सपाट जागेवर जुन्या विटांचा थर अंथरतात, त्यावर ठरावीक अंतरावर आरपार मोऱ्या सोडून त्यांत लाकूड आणि कोळसा भरतात, मग कच्च्या विटांचे थर आणि त्यांच्यामध्ये कोळशाची चुरी, बगॅस, भाताचे तूस असे जे मिळेल ते जळण पसरत भट्टी वर नेतात. बाहेरून भाजलेल्या किंवा बाजूला पडलेल्या विटा लावून मातीने लिपतात, वर राखेचा किंवा विटांच्या चुऱ्याचा थर टाकतात. वाऱ्याची दिशा पाहून मोऱ्यांतून ती पेटवतात. पंचवीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत विटा एका भट्टीत असतात, आणि ती आकारानुसार आठवडा ते तीन आठवडे धुमसत राहते. एकदा पेटली की तिच्यावर फारसा ताबा राहत नाही. मोऱ्या उघडणे-बंद करणे आणि लिपणाच्या भेगा बुजवणे, एवढेच हाती उरते.

आत काय घडत असते, ते तापमानाच्या क्रमाने सांगतो. सुमारे १५० अंशांपर्यंत विटेतील उरलेली ओल जाते. वीट नीट वाळलेली नसेल तर या टप्प्यात आतली वाफ तिला फोडते. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान चिकणमातीच्या खनिजांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी सुटते. या टप्प्यानंतर विटेचा पुन्हा चिखल होत नाही. याच पट्ट्यात, ५७३ अंशांवर, रेतीतील क्वार्ट्झ अचानक किंचित फुगतो, आणि थंड होताना त्याच तापमानाला तो आकसतो. म्हणून भट्टी तापवताना आणि निववताना या अंशांजवळ घाई चालत नाही. ८०० ते ९०० अंशांपर्यंत मातीतील सेंद्रिय पदार्थ आणि मिसळलेली राख-चुरी जळून जायला हवी. त्यापुढे ९०० पासून १०५०-११०० अंशांपर्यंत मातीतील काही खनिजे वितळून काचेसारखा बंध तयार होतो आणि तोच विटेची ताकद असतो. हवेचा पुरवठा पुरेसा असेल तर लोहाचा लाल ऑक्साइड होऊन वीट तांबडी होते. आग जलद चढली आणि विटेच्या आतला कोळसा जळायला हवा पुरली नाही तर मध्यभागी काळा गाभा राहतो. पातळ काळा गाभा फारसा घातक नाही. जाड गाभा आणि फुगलेली वीट दिसली की आच जलद चढली किंवा विटेत राख-चुरी प्रमाणाबाहेर मिसळली, हे समजावे.

मातीत जळणारा पदार्थ मिसळण्याची युक्ती जुनीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या विटा तेथील संग्रहालयात ठेवलेल्या आहेत, आणि तेलंगणातील पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही हलक्या विटा वापरलेल्या आहेत. मातीत तुसासारखा पदार्थ मिसळला, तो जळून गेला की त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. आज राख घालताना हेच लक्षात ठेवावे: पोकळी वाढली की वजन आणि जळण वाचते, पण पाणी शोषणे वाढते आणि ताकद कमी होते. प्रमाण ठरवायला प्रयोगशाळेत थोड्या विटा करून पाहणे हाच मार्ग आहे. औष्णिक वीजकेंद्राच्या ५० किलोमीटरच्या परिघात विटांच्या मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळण्याची अट केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने घातली आणि पुढे परीघ वाढवत नेला. कोराडी-खापरखेड्याजवळच्या भट्ट्यांना ती राख सहज मिळते. आपल्याकडे तिच्या जागी बगॅसची राख आहे.

आता आपल्या दोन गाड्यांचा उलगडा करतो. भट्टीच्या मध्यावरच्या विटांना जळण आणि शेजारच्या विटांची उष्णता दोन्ही मिळतात, म्हणून तेथील वीट तांबडी, खणखणीत आणि सारखी भाजलेली असते. मोऱ्यांजवळ आच जास्त झाली की विटा वितळून एकमेकींना चिकटतात, काळपट पडतात. त्यांना खंगर म्हणतात. बाहेरच्या भिंतीलगतच्या आणि अगदी वरच्या थरांतल्या विटांना उष्णता पुरत नाही, त्यांचा बंध अपुरा राहतो; त्याच फिकट, पिवळसर विटा. प्रामाणिक भट्टीवाला भट्टी उघडताना या तिन्ही वेगळ्या रचतो: मधल्या विटा पहिल्या प्रतीच्या, खंगर पायाच्या भरावाला किंवा फोडून गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या थराला), आणि कडेच्या विटा पुढच्या भट्टीला बाहेरून लावायला किंवा कुंपणाला. निवड न करता भट्टी उतरत जाईल तसे भरले तर पहिली गाडी मधल्या भागाची आणि दुसरी कडेची होते. आपल्या बाबतीत बहुधा असेच झाले आहे. दर ठरवताना ‘भट्टीची वीट’ आणि ‘निवडलेली वीट’ यांत फरक असतो, हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा आणि ‘निवडलेली’ हा शब्द चलनावर लिहून घ्या.

तपासणीत माझा क्रम ठरलेला आहे. कोणत्याही गाडीतून वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून विटा वेगवेगळ्या काढाव्यात, हाताला लागतील त्या नव्हे. २० विटा लांबीने ओळीत लावून टेपने मोजाव्यात: २३० मिलिमीटरच्या विटांची ओळ ४५२० ते ४६८० मिलिमीटरमध्ये बसली पाहिजे. एक वीट फोडून आत पाहावे. रंग सारखा, कण घट्ट, गुठळ्या आणि पांढरे खडे नाहीत, असे हवे. नखाने ओरखडा उमटू नये. कमरेएवढ्या उंचीवरून टणक जमिनीवर पडली तर ती फुटू नये. या साध्या तपासण्यांत वीट उतरली की मग पाणी शोषण्याची चाचणी: ओव्हनमध्ये १०५ ते ११५ अंशांवर पूर्ण वाळवलेली वीट तोलायची, २४ तास पाण्यात बुडवून ठेवायची, पुसून तीन मिनिटांच्या आत पुन्हा तोलायची. समजा कोरडे वजन ३१०० ग्रॅम आणि ओले ३६०० ग्रॅम आले, तर ५०० भागिले ३१००, म्हणजे सुमारे १६ टक्के. भारतीय मानक १०७७ प्रमाणे १२.५ वर्गापर्यंत २० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील वर्गांना १५ टक्क्यांपर्यंत शोषण चालते. हे वर्ग म्हणजे दाबताकदीचे आकडे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. आपल्याकडची हाताने पाडलेली वीट साधारणपणे ३.५ ते ७.५ च्या दरम्यान बसते. आरसीसी चौकटीतल्या भरावभिंतीला ते पुरते, पण भार भिंतीवर घेणाऱ्या दुमजली घरासाठी आपल्या अभियंत्याला विचारून वर्ग ठरवा आणि प्रयोगशाळेतून पाच विटांचा अहवाल घ्या. प्रयोगशाळेत विटेवरची खाच १:१ सिमेंट-वाळूच्या गाऱ्याने भरून, वीट ओल्या गोणपाटाखाली एक दिवस आणि पाण्यात तीन दिवस ठेवून मग दाब देतात. कोरड्या विटेवर थेट दाब देऊन मिळालेला आकडा कोणी दाखवला तर तो मान्य करू नका.

पर्यावरणाचा विचार आपण विचारलेला नाही, तरी तो सोडून पुढे जाता येत नाही. उघड्या भट्टीत विटेमागे जाणारे जळण बाकी बहुतेक पद्धतींपेक्षा जास्त असते, आणि शेताचा वरचा सुपीक थर एकदा विटेत गेला की तो परत मिळत नाही. विटा सारख्या भाजल्या जाव्यात म्हणूनही झिगझॅग भट्टी मला श्रेयस्कर वाटते. तिच्यात विटांची रचना अशी असते की हवा नागमोडी फिरते, ज्वाळा विटांच्या जास्त संपर्कात राहतात आणि जळण अधिक पूर्ण जळते. साध्या चिमणीच्या भट्टीपेक्षाही तिला कोळसा कमी लागतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने विटभट्ट्यांना झिगझॅग, उभ्या शाफ्टची भट्टी किंवा नळाने येणारा नैसर्गिक वायू यांकडे वळण्यास सांगितले आहे. लहान भट्टीवाल्याला हंगामी जागेवर मोठी गुंतवणूक परवडत नाही हे मी जाणतो. तरीही माती आणि कोळसा महाग होत असताना, ज्यांच्याकडे जागेची शाश्वती आहे त्यांनी एकत्र येऊन ही भट्टी उभारावी, असे मी त्यांना आवर्जून सांगतो.

आपल्या दुसऱ्या गाडीचे काय करावे? फिकट आणि कोपरे झडणाऱ्या विटा निवडून परत करा. पाण्यात बुडवल्यावर त्यांचा कोपरा मऊ पडतो, हे भट्टीवाल्यासमोर दाखवलेत तर वाद राहणार नाही. पांढरा थर असलेल्या विटांची मात्र आधी ताटलीत परीक्षा घ्या. उथळ ताटलीत २५ मिलिमीटर स्वच्छ पाणी घेऊन विटेचे एक टोक त्यात उभे करा, खेळत्या हवेच्या खोलीत ठेवा, सर्व पाणी शोषून आणि सुकून गेल्यावर तेवढेच पाणी पुन्हा घालून सुकू द्या. पांढरा थर पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर तो किरकोळ समजतात, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तीव्र थर असलेल्या विटा जोत्यालगत, न्हाणीघरात आणि बाहेरच्या भिंतीत अजिबात लावू नका, कारण तिथे ओल कायम राहते आणि लोणा वाढत जातो. उरलेल्या चांगल्या विटा बांधकामाआधी पाण्यात बुडवून, बुडबुडे यायचे थांबल्यावर काढा आणि वरचे पाणी निथळल्यावर गवंड्याच्या हाती द्या, म्हणजे त्या गाऱ्यातील पाणी शोषून घेणार नाहीत. वीट लावताना खाच वरच्या बाजूला ठेवायला आणि ती गाऱ्याने पूर्ण भरायला गवंड्याला सांगा.